कात्री लावण्यापूर्वी : खान्देशातील घरगुती शिवणविद्या

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांच्या शेतीचा व व्यापाराचा इतिहास कापसाला वगळून लिहिता येत नाही. तापी, गिरणा, पांझरा आणि बोरी या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत कापूस पूर्वापार पिकत आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा खान्देशी कापसाला चांगला भाव आला आणि त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचल्याने हा माल मुंबई बंदरात नेणेही सोपे झाले. पुढे जळगावात खान्देश मिल, अमळनेरला प्रताप मिल आणि धुळ्यात न्यू प्रताप मिल उभी राहिली व सूत-कापडाचे काम याच मुलखात होऊ लागले. या गिरण्या आज बंद पडल्या आहेत. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने मात्र चालू आहेत. तेथे कापसातून सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या बाहेरगावी जातात. तीच रुई सूत होऊन, विणली जाऊन, रंगून मालेगाव, इचलकरंजी, सुरत किंवा अहमदाबादच्या कापडाच्या रूपाने जळगावच्या फुले मार्केटमध्ये आणि धुळ्याच्या आग्रा रोडवरील दुकानांत परत येते.

कापूस पिकवणारे घर आणि अंगावरचा कपडा यांच्यामधील हे अंतर एका कुटुंबाला भरून काढता येत नाही, परंतु या साखळीचा शेवटचा दुवा, म्हणजे कापडाचा कपडा करणे, घरातल्या घरात शिकता येण्यासारखा आहे. शिकणाऱ्याने आरंभी एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. शिंप्याच्या मोठ्या दुकानात काम दोघांत वाटलेले असते : मापे घेऊन कापड बेतणारा आणि कापणारा तो मास्टर, तर कापलेले भाग यंत्रावर जोडणारा तो कारागीर. दुकानाची पत मास्टरच्या कात्रीवर ठरते. घरी शिवणाऱ्या व्यक्तीला ही दोन्ही कामे एकटीने करावी लागतात, आणि नवशिक्यांचा ओढा यंत्र चालवण्याकडे असल्यामुळे पहिले काम उपेक्षित राहते. न बसणाऱ्या, एका बाजूला ओढल्या जाणाऱ्या किंवा धुतल्यावर आखडणाऱ्या कपड्यांचे मूळ बहुधा शिलाईत नसते; ते कापड निवडणे, माप घेणे आणि बेतणे या कात्रीपूर्वीच्या टप्प्यांत असते.

न शिवलेल्या वस्त्राचा वारसा

महाराष्ट्राच्या जुन्या पेहरावात न शिवलेल्या वस्त्रांचे स्थान मोठे होते. नऊवारी लुगडे, धोतर आणि उपरणे ही वस्त्रे मागावरून उतरलेल्या स्वरूपातच नेसली वा पांघरली जात आणि शरीराचा आकार त्यांना नेसण्याच्या कौशल्याने मिळे. जे थोडे कपडे शिवले जात, त्यांची रचनाही कापड वाया जाऊ न देणारी असे. जुन्या पद्धतीचा सदरा किंवा पैरण प्रामुख्याने सरळ, चौकोनी तुकड्यांतून साकारते. हात वर करताना काखेत ताण येऊ नये म्हणून तेथे चौकोनी तुकडा जोडतात, त्याला चौबगला म्हणतात, आणि खालचा घेर वाढवण्यासाठी वर निमुळता व खाली रुंद असा जो तुकडा घालतात, त्याला कळी म्हणतात. या दोन युक्त्यांमुळे गोलाईचे अवघड काप टाळूनही कपडा अंगाला मोकळा होतो. आजच्या नवशिक्यालाही हा जुना बेत उपयोगी आहे, कारण सरळ काप आणि सरळ शिवण यांपासून आरंभ करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

शिवणकाम हा खान्देशात मुख्यतः शिंपी समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. या समाजात नामदेव शिंपी आणि अहिर शिंपी अशी नावे आढळतात. घरातील स्त्रियांकडे मात्र हातशिलाईची स्वतंत्र परंपरा होती. बाळंतिणीच्या घरी झबली, टोपडी आणि कुंची हाताने शिवली जात, आणि जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने गोधडी घातली जाई. सुई कापडात खालीवर घालत समान अंतराने पुढे नेण्याच्या टाक्याला धावदोरा म्हणतात. गोधडीच्या पूर्ण लांबीभर हा टाका सरळ राखण्याची सवय झाली की डोळा आणि हात यांचा जो मेळ बसतो, त्याचा लाभ पुढे यंत्रावरही होतो.

विसाव्या शतकात शिवण हा विषय स्त्रीशिक्षणाचा भाग झाला. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना स्वावलंबी करणाऱ्या शिक्षणात शिवणाला जागा दिली, आणि पुढे मुलींच्या अनेक शाळांत हा विषय रूढ झाला. डिसेंबर १९३६ मध्ये त्या वेळच्या पूर्व खान्देश जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही तेथे मांडण्यात आले होते. खादीबरोबर रुळलेले नेहरू शर्ट, पायजमा आणि टोपी हे कपडे बेताने साधे असल्यामुळे घरगुती शिवणालाही ते मानवण्यासारखे होते.

यंत्राची ओळख

एलायस हाऊ यांनी १८४६ साली आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली अमेरिकेत शिलाई यंत्राची एकस्वे मिळवली. भारतात दीर्घकाळ परदेशी यंत्रे येत होती. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा या नावाने देशी यंत्रे बनवण्यास आरंभ केला आणि हळूहळू पायमशीन मध्यमवर्गीय घरांतील ओळखीची वस्तू झाली.

या यंत्राचे तत्त्व समजले तर त्याच्या कुरबुरींची भीती उरत नाही. हातशिलाईत एकच दोरा कापडातून पूर्ण आरपार जातो. यंत्रात मात्र दोन दोरे असतात. वरचा दोरा सुईच्या टोकाजवळच्या छिद्रातून येतो आणि खालचा बॉबिन या छोट्या रिळावर गुंडाळलेला असतो. सुई कापडाखाली उतरून किंचित वर येऊ लागली की दोऱ्याचा फास तयार होतो, शटलचे टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवते, आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकून टाका पक्का होतो. दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा असेल तर ही गाठ कापडाच्या मध्ये राहते व दोन्ही बाजूंनी शिवण एकसारखी दिसते. कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याची वेटोळी दिसत असतील तर वरचा दोरा बहुधा सैल असतो किंवा नीट ओवलेला नसतो. खालचा दोरा वर ओढला जात असेल तर वरचा ताण जास्त झालेला असतो. पॉपलीनसारख्या मध्यम सुती कापडाला १४ क्रमांकाची, मलमलीसारख्या तलम कापडाला ११ क्रमांकाची आणि जाड कापडाला १६ क्रमांकाची सुई सामान्यतः योग्य ठरते, आणि एका इंचात साधारण १० ते १२ टाके येतील अशी लांबी ठेवली जाते.

शिवणक्लासमध्ये पहिला सराव दोरा न ओवता कागदावर देतात, आणि ही पद्धत पूर्णतः शास्त्रशुद्ध आहे. वहीच्या आखीव पानावरील रेघेवरून सुई चालवताना पायडलची लय बसते, चाक उलटे फिरू न देण्याची सवय लागते आणि छिद्रांची रांग रेघेपासून किती सरकली हे लगेच दिसते. सरळ रेघा साधल्यावर चौकोन घ्यावेत, म्हणजे कोपऱ्यावर सुई खाली रोवलेली ठेवून, दाबपट्टी उचलून, कागद वळवण्याची रीत कळते. त्यानंतर गोल घ्यावेत. या सरावासाठी खर्च होणाऱ्या कागदाच्या मोबदल्यात पुष्कळ कापड वाचते.

कापडाची दिशा

विणलेल्या कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. कापडाच्या दोन्ही कडांना जी घट्ट विणीची किनार असते, तिच्या समांतर ताणा धावतो. किनारीपासून किनारीपर्यंतच्या रुंदीला पन्हा म्हणतात. बाजारात ३६, ४४ आणि ५८ इंच पन्ह्याची कापडे मिळतात आणि किती मीटर कापड घ्यावे हे पन्ह्यावर ठरते. कापड ताण्याच्या दिशेने सर्वांत कमी ताणले जाते, बाण्याच्या दिशेने थोडे अधिक, आणि दोन्हींच्या मधल्या तिरप्या दिशेने सर्वांत जास्त. या तिरप्या दिशेला उरेब म्हणतात. गळ्याच्या गोलाईवर लावायची पट्टी उरेब कापतात ती याच गुणामुळे, कारण सरळ पट्टी गोलावर वळवली तर तिला चुण्या पडतात. कपड्याची लांबी सामान्यतः ताण्याच्या दिशेत ठेवली जाते. हा नियम मोडून थोडे कापड वाचवले तर पायजम्याचा पाय धुतल्यानंतर पिळवटल्यासारखा दिसू लागतो.

दुसरा नियम कापड पाण्यातून काढण्याचा आहे. विणताना आणि पुढील प्रक्रियांत धागे ताणलेले राहतात. पाण्यात ते सैलावतात आणि सुती कापड आटते. त्यामुळे कापण्यापूर्वी कापड काही तास भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घेणे हे शिवणाच्या कामाचाच भाग मानले पाहिजे. नवशिक्याने आरंभी साधे, रंगीत पॉपलीन किंवा मांजरपाट घ्यावे. मांजरपाट हे बिनधुवट, स्वस्त सुती कापड असून पहिला बेत त्यावर करून पाहिल्यास चांगल्या कापडावर चूक होण्याचा प्रसंग टळतो. घसरणारे, पातळ कृत्रिम धाग्याचे कापड स्वस्त मिळाले तरी ते पहिल्या वर्षी टाळणे हिताचे आहे.

पहिला कपडा : सहा कळ्यांचा परकर

साडीखालचा परकर हा शिकण्यासाठी उत्तम कपडा आहे, कारण त्यात गळा, बाही किंवा मुंढा नाही, चूक झाली तरी ती बाहेर दिसत नाही, आणि मॅचिंग सेंटरमध्ये त्याचे पॉपलीन सहज मिळते. मुंढा म्हणजे बाही जोडण्यासाठी खांद्यापासून काखेपर्यंत दिलेली गोलाई. ती पुढच्या टप्प्यावर यावी.

समजा, नितंबाचा घेर ३८ इंच असलेल्या व्यक्तीसाठी ३८ इंच लांबीचा परकर करायचा आहे. वरचा घेर नितंबाहून थोडा अधिक, म्हणजे ४२ इंच धरला तर सहा कळ्यांत प्रत्येकीच्या वाट्याला ७ इंच येतात. दोन्ही बाजूंना शिलाईचे अर्धा-अर्धा इंच मार्जिन मिळवले की कळीची वरची रुंदी ८ इंच होते. खालचा घेर ७२ इंच हवा असेल तर प्रत्येकी १२ आणि मार्जिन धरून १३ इंच. वरचा नेफा, म्हणजे नाडी ओवण्याची दुहेरी पट्टी, २ इंचांचा राहणार असल्याने कळीची तयार लांबी ३६ इंच लागते; वर अर्धा इंच आणि खालच्या दुमडीसाठी दीड इंच मिळून ती ३८ इंच कापावी.

बेतण्याचे कसब येथे दिसते. सहा कळ्या तीन-तीनच्या दोन ओळींत मांडायच्या असतात. एका ओळीतल्या तिन्ही कळ्या एकाच दिशेने मांडल्या तर त्यांची रुंद टोके शेजारी येऊन ३९ इंच रुंदी लागते आणि ३६ इंचांचा पन्हा अपुरा पडतो. मधली कळी उलटी ठेवली की एका कडेला १३, ८ आणि १३ असे ३४ इंच, तर दुसऱ्या कडेला ८, १३ आणि ८ असे २९ इंच होतात, व तिन्ही कळ्या पन्ह्यात बसतात. अशा दोन ओळींना ७६ इंच कापड लागते; नेफ्यासाठी ५ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या जोडून घ्याव्या लागतात, त्यांचे १० इंच. एकूण ८६ इंच, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आत काम होते, आणि आटणे धरून अडीच मीटर कापड पुरेसे ठरते. एकाच दिशेच्या छापाच्या कापडावर मात्र ही मांडणी चालत नाही, कारण एक कळी सोडून एक कळीवरची फुले उलटी येतात. साधे कापड घेण्याचे हेही एक कारण आहे.

कळ्यांच्या कडा तिरप्या असल्याने त्या शिवताना ताणल्या जाण्याचा संभव असतो. म्हणून दोन कळ्या टाचण्यांनी जोडून, शिवण रुंद टोकाकडून निमुळत्या टोकाकडे न्यावी आणि कापड हाताने ओढू नये; यंत्राचे दाते ते आपोआप पुढे सरकवतात, हाताचे काम केवळ दिशा देण्याचे आहे. एका शिवणीत वरचे पाच-सहा इंच उघडे ठेवावेत, म्हणजे परकर सहज चढतो. नेफा जोडल्यावर परकर एक दिवस टांगून ठेवावा, तिरपे भाग लोंबून स्थिर झाले की खालची कड मोजून सारखी करावी आणि मगच दुमड घालावी. एवढ्या एका कपड्यात माप, मार्जिन, कापडाची दिशा, लांब शिवण, पट्टी जोडणे आणि दुमड हे सारे मूलभूत घटक येऊन जातात.

मापातून आकृतीकडे

यानंतर, झबले आणि पायजमा जमल्यावर, बिनबाह्यांचा सैल कुर्ता घ्यावा. अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे तयार कागदी नमुने विकायला आरंभ केला आणि तेथील घरगुती शिवण बरेचसे अशा नमुन्यांवर वाढले. मराठी शिवणक्लासची रीत निराळी आहे : तेथे व्यक्तीच्या मापांवरून प्रत्येक वेळी आकृती काढायला शिकवतात. छाती ३६ इंच असेल तर तिचा चौथा भाग ९ इंच, त्यात हालचालीसाठी १ इंच लूजिंग आणि १ इंच मार्जिन मिळवून चार पदरी घडी घातलेल्या कापडावर ११ इंच धरतात. तयार कुर्ता छातीत ४० इंच होतो. लूजिंग आणि मार्जिन यांतील भेद नीट समजून घ्यावा. लूजिंग अंगात राहते आणि श्वास घेण्यास, हात हलवण्यास जागा देते. मार्जिन शिवणीत जाते आणि पुढे कपडा वाढवायची वेळ आली तर कामी येते.

ही आकृती आधी खाकी कागदावर काढून कापण्याच्या सरावाला पेपर कटिंग म्हणतात. कागदाची किंमत नगण्य असते, चूक मोजपट्टीने तपासता येते आणि जमलेला नमुना जपून ठेवता येतो. मापे घेताना व्यक्तीने सहज उभे राहावे, टेप अंगाला टेकलेली पण आवळलेली नसावी, आणि स्वतःचे माप शक्यतो दुसऱ्याकडून घ्यावे, कारण स्वतः टेप धरताना खांदा उचलला जातो.

साडीवरचा ब्लाउज पुष्कळ जणींना प्रथम शिकावासा वाटतो, कारण शिलाईचा वारंवारचा खर्च त्याचाच असतो. परंतु तो शेवटी यायला हवा. त्यात अंगाच्या फुगीर भागाला आकार देण्यासाठी कापड चिमटीत धरून शिवलेले टक्स असतात, मुंढ्याची आणि बाहीच्या माथ्याची गोलाई एकमेकींशी जुळवावी लागते, अस्तर लावावे लागते, हुक बसवावे लागतात, आणि लूजिंग अत्यल्प असल्याने पाव इंचाची चूकही जाणवते. परकर, लहान मुलांचे झबले, पायजमा, कुर्ता आणि मग ब्लाउज असा क्रम ठेवल्यास प्रत्येक कपडा पुढच्या कपड्याची पूर्वतयारी करतो.

उसवणे हा या विद्येचा कमीपणा आणणारा भाग नाही. चुकलेली शिवण थोड्या-थोड्या अंतरावर दोरा तोडून, कापड न ताणता सोडवता आली पाहिजे. दुकानातून आणलेला जुना, फाटलेला कुर्ता उसवून त्याचे भाग सपाट करून पाहणे हा तर उत्तम पाठ आहे, कारण अंगावर गोलाकार दिसणारा कपडा मुळात कोणत्या सपाट आकारांचा बनला होता, हे त्यातून प्रत्यक्ष कळते.

शिक्षणाची साधने आणि प्रयोजन

जळगाव-धुळ्यात हे शिक्षण मुख्यतः गल्लोगल्लीच्या खासगी शिवणक्लासमधून मिळते. पद्धतशीर शिक्षणासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेत शिवण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. व्यवसायाकडे वळणाऱ्यांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून तीत प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज यांची तरतूद आहे. क्लास निवडताना तेथे किती प्रकारचे कपडे शिकवतात यापेक्षा मापावरून आकृती काढायला शिकवतात की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

तयार कपडे मुबलक आणि स्वस्त असताना ही खटपट कशासाठी करावी, या प्रश्नाचे उत्तर खान्देशात तरी स्पष्ट आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, आणि अशा उन्हात घाम टिपणारा, हवा खेळू देणारा, सैल सुती कपडा ही आरोग्याची गरज असते. तयार कपड्यांच्या ढिगात तो मिळेलच याची शाश्वती नसते, मिळाला तरी तो ठरावीक मापांच्या चौकटीत बसवलेला असतो. उंच, स्थूल, पाठीला बाक आलेल्या किंवा हात वर करता न येणाऱ्या वृद्ध व्यक्तींना ही चौकट विशेष अडचणीची ठरते, आणि त्यांच्यासाठी पुढून उघडणारा, मोठ्या मुंढ्याचा कुर्ता घरातील कोणी शिवू शकले तर रोजचे कपडे बदलणेही सुसह्य होते. शिवाय ज्याला मार्जिन सोडता येते त्याला कपडा वाढवताही येतो, उसवलेली शिवण सांधता येते, आणि एका वस्त्राचे आयुष्य काही वर्षांनी लांबते.

शेतापासून गाठीपर्यंत कापसाची पारख या दोन जिल्ह्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. धाग्याची लांबी, रुईचा रंग आणि ओलावा यांवर भाव ठरवणाऱ्या या प्रदेशाने हीच चिकित्सक नजर कापडाची वीण, दिशा आणि बेत यांकडे वळवली, मुलींबरोबर मुलांनाही टेप आणि कात्री हाती धरायला शिकवले, तर शिवण हे केवळ गरजूंचे अर्थार्जन न राहता प्रत्येक घराचे सामान्य ज्ञान होईल. त्यासाठी अडीच मीटर पॉपलीन, एक चांगली कात्री आणि चुका सुधारण्याची तयारी एवढे भांडवल पुरेसे आहे.